नायजेरियातलं ओनित्शा शहर कसं वसलं आणि एवढी मोठी बाजारपेठ कशी झाली?

मुळात जागाच मोक्याची. नायजर नदीच्या पूर्व काठावरचं, इग्बो या वांशिक समाजाचं हे शहर. परंपरेनुसार एझे चिमाच्या नेतृत्वाखाली बेनिनच्या (आजचा बेनिन देश नव्हे, तर नायजेरियातलंच जुनं राज्य) बाजूने आलेल्या लोकांनी ते वसवलं. इथल्या राजाला आजही 'ओबी' म्हणतात. 1857 मध्ये ब्रिटिशांची वखार आणि ख्रिस्ती मिशन एकदमच आले, आणि पामतेलाच्या व्यापाराने गावाचं रूप पालटलं. मिशनच्या शाळांमुळे वाचणारा वर्ग तयार झाला. पुढे बाजारातल्या छोट्या छापखान्यांतून प्रेमकथा, नाटकं, उपदेशाच्या स्वस्त पुस्तिका निघाल्या. मला या शहराची हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. 1967-70 च्या बियाफ्रा युद्धात, म्हणजे नायजेरियाचा पूर्व भाग 'बियाफ्रा' नावाने वेगळा होऊ पाहत होता त्या यादवीत, बाजार जळून खाक झाला, नायजरवरचा नवाकोरा पूलही उडवला गेला. व्यापाऱ्यांनी पेठ पुन्हा उभी केली. आज ती पश्चिम आफ्रिकेतल्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एक आहे.