किती नॉब यापेक्षा कसले नॉब

प्रश्न : मी इचलकरंजीत घरच्याच खोलीत भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग करतो. सॉफ्टवेअर रीपर. पखवाज, टाळ, पेटी, मुख्य गायक आणि मागे धरणारे, प्रत्येक ट्रॅकवर ईक्यू (जाडे-बारीक सूर कमी-जास्त करणारा) आणि कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा). दिवसभर माउस फिरवून मनगट भरून येतं आणि कानापेक्षा डोळेच जास्त काम करतात. रीपरमधल्या या प्लग-इनसाठी कंट्रोलर, म्हणजे हाताने फिरवायच्या नॉबचा डबा, घ्यायचाय. २४ नॉबचा अकाई मिडीमिक्स घेऊ की ८ नॉबचा बेहरिंगर एक्स-टच मिनी? ताई, माझा कल २४ कडे आहे.

उत्तर : तुमच्या कामाला ८ नॉबचा घ्या. नॉब मोजू नका, तो फिरतो कसा ते बघा.

मिडीमिक्सचे नॉब दोन्ही टोकांना अडतात. समजा पखवाजाच्या कॉम्प्रेसरचा थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या वर आवाज दाबला जातो ती) तुम्ही उणे १८ डेसिबलवर आणलात. मग गायकाचा ट्रॅक उघडलात, तिथे तो उणे ३० वर आहे. नॉब मात्र पखवाजाच्याच जागी उभा. त्याला जरा हात लागला की गायकाचा थ्रेशोल्ड उडी मारून उणे १८ च्या आसपास जातो, दाबलेला आवाज सुटतो आणि हेडफोनमध्ये अंगावर येतो. रीपरमध्ये ‘सॉफ्ट टेकओव्हर’वर खूण केली तर ही उडी थांबते. पण मग नॉब जुन्या आकड्याला जाऊन भिडेपर्यंत काहीच घडत नाही आणि भिडला की नाही हे बघायला तुम्ही पुन्हा स्क्रीनकडे वळता. म्हणजे ज्यासाठी पैसे घातले तेच हुकलं.

एक्स-टच मिनीचे नॉब कितीही फिरतात, त्यांना टोकच नाही. त्यांना एन्कोडर म्हणतात. कंपनीच्या एडिटरमधून ते ‘रिलेटिव्ह’ करून घ्या. मग नॉब आकडा पाठवत नाही, ‘थोडं वर’, ‘थोडं खाली’ एवढंच सांगतो. कुठल्याही ट्रॅकवर जा, जिथे होतं तिथूनच पुढे सरकतं. रीपरमध्ये रिलेटिव्हचे तीन प्रकार दिसतील. चुकीचा निवडला तर नॉब भलतीकडे धावतो, त्यामुळे तिन्ही फिरवून बघा.

जोडणीत बहुतेकजण पहिल्याच पायरीला अडतात. मिडी म्हणजे कंट्रोलर आणि संगणक आपसात बोलतात ती भाषा. प्रेफरन्सेसमध्ये मिडी डिव्हाइसेसच्या यादीत कंट्रोलरपुढे ‘एनेबल इनपुट फॉर कंट्रोल मेसेजेस’ लावल्याशिवाय काही हलत नाही. मग प्लग-इनमधलं बटण माउसने हलवा, वरच्या ‘पॅराम’ मेनूतून ‘लर्न’ घ्या आणि नॉब फिरवा. त्याच खिडकीत ‘एनेबल ओन्ली व्हेन इफेक्ट कॉन्फिगरेशन इज फोकस्ड’ नावाची खूण आहे, ती न विसरता करा. तिच्यामुळे जो प्लग-इन समोर उघडा असेल त्यालाच नॉब लागतात. तेच ८ नॉब पखवाजाला, तेच गायकाला. म्हणून २४ ची गरज उरत नाही.

मीही वारकरी भजनंच मिक्स करते. माझ्याकडे पहिला नॉब कायम थ्रेशोल्ड, दुसरा रेशो (किती दाबायचं), तिसरा अटॅक (किती लवकर दाबायचं), चौथा रिलीज (किती लवकर सोडायचं), सगळ्या ट्रॅकवर एकच कॉम्प्रेसर. ही जोडणी एफएक्स चेन, म्हणजे प्लग-इनचा तयार संच, म्हणून साठवून ठेवा, नव्या प्रोजेक्टमध्ये ती तशीच उतरते. रोज नवा कॉम्प्रेसर लावून बघणाऱ्याला कुठलाच कंट्रोलर लाभत नाही, हे माझं ठाम मत आहे. हाताला जागा पाठ झाली की डोळे मिटून ऐकता येतं आणि पखवाजाचा अटॅक तसाच ठरवावा. थाप नुसती बोथट होतेय की मागचा घुमारा पुढे येतोय, ते आलेखात दिसत नाही. एन्कोडरभोवतीचे दिवेही खरा आकडा दाखवावेत असं वाटत असेल तर रीअलर्न नावाचा मोफत प्लग-इन टाका.

एका कामाला मात्र माउस सोडू नका. १९८३ साली आलेल्या मिडीमध्ये कंट्रोलरचा साधा आकडा ० ते १२७ एवढाच असतो. थ्रेशोल्डच्या ६० डेसिबलला तो पुरतो, एक पायरी अर्ध्या डेसिबलहूनही लहान पडते. ईक्यूचं तसं नाही. २० ते २०,००० हर्ट्झ म्हणजे जवळजवळ १० सप्तकं. ती १२७ पायऱ्यांत वाटली की एक पायरी साधारण पेटीच्या एका पट्टीवरून शेजारच्या पट्टीवर जाते. पखवाजाचा धुमा (डावी बाजू) जिथे नको इतका गुंजतो ती जागा दोन पट्ट्यांच्या मध्ये असेल तर अरुंद कट तिच्यावर बसणारच नाही. रिलेटिव्हमध्ये पायरी केवढी हे सॉफ्टवेअर ठरवतं, तरी असा कट माउसनेच करावा.

प्रश्न : मी कीबोर्डवर व्हायोलिन-चेलोचे सॅम्पल (आधीच रेकॉर्ड केलेले सूर) वाजवून नाटकांचं पार्श्वसंगीत करते. मलाही एन्कोडरच घ्यावा का?

उत्तर : नाही, तुम्हाला फेडर, म्हणजे सरळ सरकवायचे खटके, हवेत. सूर फुलवायचा-मिटवायचा तर बोट सरळ वर-खाली जायला हवं. सॅम्पलच्या बऱ्याच लायब्ररींत सीसी १ (मिडीमधला १ क्रमांकाचा कंट्रोल) वादनाचा जोर बदलतो, हळू वाजवलेल्या तारेकडून जोरात वाजवलेल्या तारेकडे नेतो. सीसी ११ आवाज लहान-मोठा करतो. दोन्ही शेजारशेजारच्या फेडरवर ठेवा आणि तर्जनी व मधलं बोट एकाच वेळी चालवा. सीसी १ आधी उठवून सीसी ११ मागोमाग आणला की स्वर आतून भरत येतो. फेडरचा प्रवास जितका लांब तितका हात सावकाश जातो, म्हणून छोट्या मॉडेलचे बुटके फेडर या कामाला घेऊ नका. मोटरवाले फेडर सुंदर असतात, पण तुमचं काम त्यांच्यावाचून अडत नाही.

प्रश्न : जुना कंट्रोलर घेताना काय बघावं?

उत्तर : लॅपटॉप घेऊन जा. कंट्रोलर जोडा, मिडी मॉनिटर (येणारे आकडे दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा आणि हात मागे घ्या. कोणी न शिवता आकडे थरथरत असतील तर एखादा नॉब किंवा फेडर झिजलाय किंवा आत धूळ बसलीय. मग प्रत्येक फेडर शेवटपर्यंत सरकवून तो ० ला आणि १२७ ला पोचतो का बघा. यूएसबीची पिन हलवून जोडणी तुटते का तेही बघा. आणि वस्तू कुणाशी बांधलेली आहे ते आधी विचारा. सॉफ्टट्यूबचा कन्सोल १ मुख्यतः त्यांच्याच प्लग-इनसाठी आहे, पुश हा कंट्रोलर एबल्टन लाइव्ह या सॉफ्टवेअरसाठी. रीपरवाल्याने ते स्वस्तात मिळतात म्हणून उचलू नयेत.