गुरचरण पिवळं होण्याआधी

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. विकास आराखड्याचा प्रारूप नकाशा लागला आहे. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीलगतचं गुरचरण त्यात पिवळं दाखवलंय आणि शेजारी लेआउट पडतच आहेत. काय करता येईल?
– एक वाचक, भंडारा जिल्हा

उत्तर : पिवळा रंग म्हणजे रहिवासी विभाग. नकाशा अजून प्रारूप आहे, तोवर दुरुस्ती सोपी. मंजुरीनंतर फार जड जातं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ प्रमाणे हरकतीला ३० दिवस मिळतात. नकाशाची प्रत पहिल्याच आठवड्यात घ्या.

'निसर्गाची हानी होईल' एवढंच लिहिलेली हरकत सुनावणीत टिकत नाही. गट क्रमांक, हेक्टर-आरमध्ये क्षेत्र, आजचा वापर आणि नेमकी मागणी लिहा : 'हा गट रहिवासी विभागातून वगळून हरित क्षेत्र दाखवावा.' सोबत सातबारा आणि निस्तारपत्रकाचा उतारा जोडा. निस्तारपत्रक हा आपल्या विदर्भातला मोलाचा कागद आहे. गुरं कुठं चरायची, लाकूड-मुरूम कुठून आणायचा याची गावाची वहिवाट त्यात असते. जमीन महसूल संहितेचं कलम २२-अ हरकतीत जरूर लिहा : गुरचरण दुसऱ्या कामाला देता येत नाही; अपवाद मोजके – सार्वजनिक प्रयोजन, किंवा बदल्यात दुसरी जमीन देऊन एखाद्या प्रकल्पाला अटळ गरज. खासगी लेआउट म्हणजे सार्वजनिक प्रयोजन नव्हे.

तलावाचं मात्र बारकाईनं पाहा. पाहणी मे महिन्यात झाली असेल तर आटलेलं पोट मोकळी जमीन म्हणून नकाशात येऊ शकतं. सांडव्याच्या माथ्याइतकं पाणी कुठवर चढतं ती रेषा नकाशावर दाखवा, भरल्या तलावाचे तारखेसह फोटो जोडा. हरकतीच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. नियोजन समितीपुढे दहा जणांनी बोलण्यापेक्षा नकाशा वाचता येणारा एकच जण बोललेला बरा.

आणखी एक. बगिच्याचं आरक्षण खासगी शेतावर मागू नका. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत ती जागा घेतली नाही, तर मालक नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली नोटीस देतो आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. छोट्या नगरपंचायतीजवळ एवढा पैसा कुठून यायचा? सरकारी जमिनीवर हा धोका नाही.

प्रश्न : लेआउटमधल्या ओपन स्पेसवर चुना टाकून नवे प्लॉट आखताहेत. आम्ही प्लॉटधारक काय करू?
– एक वाचक, अमरावती जिल्हा

उत्तर : काम आजच थांबवायला लावा; पाया भरला की वाद लांबतो. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर (जवळपास एक एकर) किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. पाच एकरांच्या लेआउटमध्ये ती साधारण २,०२३ चौरस मीटर होते. मंजूर अभिन्यासाची (लेआउट नकाशाची) प्रमाणित प्रत काढा, रस्त्याच्या कडेपासून टेपनं अंतरं मोजा, चुन्याच्या रेषांचा फोटो घ्या. नगरपंचायत किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत असाल तर मुख्याधिकाऱ्यांकडे, बाहेर असाल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ आणि ५४ चा उल्लेख करून अर्ज द्या. ५४ खाली चालू काम थांबवता येतं. दुय्यम निबंधकालाही प्रत द्या, म्हणजे त्या जागेचा दस्त नोंदणीला येण्याआधीच त्यांना खबर असेल. सातबाऱ्यावर 'खुली जागा' अशी नोंद नसेल तर तीही मागा.

दुसरी पळवाट म्हणजे एकच शेत एकराच्या आतल्या तुकड्यांत नातेवाइकांच्या नावे करून वेगवेगळे लेआउट मंजूर करून घेणं. लगतचे गट आणि लागोपाठच्या दस्तांच्या तारखा एका कागदावर मांडल्या की ते उघड दिसतं.

बंगळुरूत उद्यानाची राखीव जागा खासगी रुग्णालयाला दिली होती. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये ते बेकायदा ठरवलं. अर्जात तो निकाल नमूद करा.

प्रश्न : झुडपी जंगलाच्या तुकड्यावर घरकुलं बांधायचा ठराव घेता येईल का?
– एक वाचक, गडचिरोली जिल्हा

उत्तर : नुसत्या ठरावानं नाही. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल (महसूल नोंदीतली खुरट्या झुडपांची जमीन) हे वनच मानलं आहे. तिथं १९८० च्या वन कायद्याखाली केंद्राची पूर्वपरवानगी लागते. घरकुलांसाठी आधी गावठाणालगतची इतर सरकारी जमीन तलाठ्याकडच्या गाव नमुना १-ब मधून शोधा.