यूकेला लिव्हर ट्रान्सप्लांटच्या फेलोशिपला येतोयस ना, मग हे वाच

तू विचारलंयस की सर, जीआय (पोट-आतड्यांच्या) सर्जरीचं एमसीएच झालं, एमटीआयवर, म्हणजे परदेशी डॉक्टरांना ठराविक काळ शिकायला घेणाऱ्या योजनेवर, दोन वर्षं यूकेला येतोय, बायको आणि मुलीला आत्ताच आणू की नंतर. दोन ओळीत उत्तर देणार होतो, पण आज ऑन-कॉल आहे आणि फोन वाजत नाहीये, त्यामुळे लांबणार.

जीएमसी (इथलं डॉक्टरांचं रजिस्ट्रेशन), ओईटी (इंग्रजीची परीक्षा), व्हिसाची फी हे सगळं साइटवर आहे. तिथे नाही ते हे की आपल्या डिग्रीवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आणि हे दोन्ही मीच हे पटवण्यात माझे चार महिने गेले. विद्यापीठातला क्लार्क आधी म्हणाला अर्ज आलाच नाही, मग म्हणाला आलाय पण साहेब रजेवर, तोवर गुड स्टँडिंग सर्टिफिकेटचे (डॉक्टरवर कारवाई नसल्याच्या दाखल्याचे) तीन महिने संपले, काढा नवीन. सासऱ्यांनी एसटीने तीन खेटे घातले, अजून आठवलं की डोकं फिरतं.

कामाचं सांगतो. तुझा हात बसलाय लिव्हिंग डोनरवर, म्हणजे जिवंत दात्यावर, बायकोचा उजवा लोब नवऱ्याला वगैरे. इथे ते फार कमी, बहुतेक लिव्हर मृत दात्यांची, आणि मोठ्यांच्या ट्रान्सप्लांटची सेंटर्स अख्ख्या देशात सात. नवीन माणूस आधी रिट्रीव्हलला, दात्याचं लिव्हर काढून आणायला जातो, म्हणजे रात्री गाडीत बसून कुठल्यातरी लांबच्या हॉस्पिटलात. डीसीडी, म्हणजे हृदय थांबल्यावरचं दान असेल तर आयसीयूवाले व्हेंटिलेटर काढतात आणि तू थिएटरमध्ये हात धुऊन उभा. हृदय थांबलं की पाच मिनिटं कुणी हात लावायचा नाही, मग एकदम धावपळ, एओर्टात (मुख्य धमनीत) कॅन्युला, म्हणजे नळी, आणि थंड फ्लुइड. वेळेत नाही थांबलं तर लिव्हर हातचं गेलं, रिकामी पेटी घेऊन पहाटे परत, पेट्रोल पंपावरचं गार सँडविच खात.

अशाच एका रात्री थिएटरबाहेर उभा असताना मुलीच्या शाळेबद्दल कौन्सिलचा (इथल्या नगरपालिकेचा) मेल वाचला. शाळेच्या वर्षाच्या मध्येच आलो होतो, घराजवळच्या शाळेत जागा नाही, दोन बस बदलून जायची ती शाळा मिळाली. पोर सहा वर्षांची, बे ते दहाचे पाढे पाठ, आणि तिला आकडे ओळखायच्या गटात बसवलं, कारण ती बाईंशी बोलेना. बायको एकटी जाऊन भांडली, तेव्हा तिचं इंग्रजी अडखळायचं, आणि मी ड्यूटी बदलून घेऊ शकलो असतो. घेतली नाही, नवीन होतो, तोंड उघडायची भीती वाटली. मुलगी आता सतरा वर्षांची आहे, विषय काढला की म्हणते बाबा सोडा ना. मला नाही सुटत.

तर त्यांना आण, पण ऑगस्टमध्ये, सप्टेंबरला शाळा सुरू व्हायच्या आत. तुझी जॉइनिंग फेब्रुवारीत असेल तर सहा महिने एकटा राहा, मरत नाहीस.

एकटेपणाचं लोक फार लिहितात, मला वेळच नव्हता. लंडनला 1932 पासून महाराष्ट्र मंडळ आहे, मी तीनदा गेलो असेन. बायकोला विचारलंस तर वेगळं ऐकशील, म्हणून विचारू नकोस.

आणि दोन वर्षांचं म्हणशील तर मीही दोनच वर्षांसाठी आलो होतो. एमटीआयची वर्षं सेटलमेंटमध्ये, म्हणजे इथे कायम राहायच्या परवानगीसाठी, धरत नाहीत, म्हणजे परत जायला कारण होतं, पण नोकरी मिळाली आणि राहिलो, आता अकरा वर्षं झाली. परवा पर्फ्यूजन मशीनवर एक लिव्हर होतं, शरीराबाहेर, गरम रक्त फिरतंय आणि नळीत पित्ताचा पहिला थेंब उतरतोय, अर्धा तास बघत उभा होतो. हे मला पुण्यात दिसलं नसतं. पण तिथे माझ्या बॅचचे दोघं आता स्वतःची टीम चालवतात, आणि लिव्हिंग डोनरची हेपॅटेक्टमी, म्हणजे लिव्हरचा भाग कापून काढायचं ऑपरेशन, मी अकरा वर्षांत एकही केलेली नाही. तो हात परत येईल का, मला माहीत नाही.

डिग्री आणि पासपोर्ट आजच शेजारी ठेवून स्पेलिंग बघ. रविवारी तुझ्याकडच्या वेळेने दुपारी चारनंतर फोन कर, तेव्हा मी जागा असतो.