राजधानीच्या रकान्यातलं प्रश्नचिन्ह

प्रिय मुली,

तुझी टिपणवही वाचली. पवित्र रोमन साम्राज्याच्या, म्हणजे मध्य युरोपातल्या जर्मन राज्यांच्या त्या जुन्या साम्राज्याच्या, सम्राटांची नावं आणि सनावळी नीट आहेत. ‘राजधानी’च्या रकान्यात मात्र तू प्राग, व्हिएन्ना, पुन्हा प्राग, पुन्हा व्हिएन्ना असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलंयस. ते खोडू नकोस. साऱ्या वहीत मला तेच सर्वांत आवडलं.

या साम्राज्याला ठरलेली राजधानी नव्हतीच. १३५६च्या सुवर्ण फर्मानानं राजाची (म्हणजे भावी सम्राटाची) निवडणूक फ्रँकफुर्टला, राज्याभिषेक आखेनला आणि पहिली सभा न्यूरेंबर्गला व्हावी असं ठरवून दिलं. पुढे १६६३ पासून साम्राज्यसभा रेगेन्सबर्गला भरत राहिली. सम्राट स्वतः राहायचा ते बहुतेक वेळा आपल्या घराण्याचा मुलूख, महसूल आणि माणसं जिथे असतील तिथे. म्हणून आधी घराण्याचा मुलूख कोणता आणि तो हाती कसा आला, ते बघ.

सम्राट चौथा चार्ल्स बापाकडून लक्झेंबर्ग घराण्याचा. पण त्याची आई एलिझाबेथ बोहेमियाच्या (आजच्या चेक मुलखाच्या, ज्याचं मुख्य शहर प्राग) प्रेमिस्ल राजघराण्यातली, आणि त्या घराण्याचा पुरुष वंश १३०६ मध्ये खुंटला होता. प्राग म्हणजे त्याचं आजोळ! १३४८ मध्ये त्यानं तिथे विद्यापीठ काढलं, नवं शहर वसवलं. १३५७ मध्ये व्ल्टावा नदीवरच्या दगडी पुलाचं काम सुरू केलं. १३५५ला रोममध्ये सम्राटपदाचा मुकुट घेऊन तो परतला तोही प्रागलाच.

आता व्हिएन्नाकडे ये. इथे तुला घाई करू द्यायची नाही. ऑस्ट्रियाचा ड्यूक चौथा रूडॉल्फ हा हाब्सबुर्ग घराण्यातला, आणि चार्ल्सचा जावई. फर्मानानं राजा निवडायचा हक्क सात जणांना दिला. त्यांत बोहेमियाचा राजा होता, म्हणजे सासरा स्वतः. हाब्सबुर्गांना जागा नव्हती. एकोणीस वर्षांच्या रूडॉल्फला ते झोंबलं. १३५८-५९च्या हिवाळ्यात त्याच्याकडे सनदांचा एक गठ्ठा तयार झाला. त्यात ऑस्ट्रियाला खास हक्क देणारी चक्क ज्युलियस सीझर आणि नीरो यांची पत्रं होती! चार्ल्सनं ती कवी पेट्रार्ककडे तपासायला पाठवली. १३६१ मध्ये त्याचं उत्तर आलं: सीझर स्वतःविषयी ‘आम्ही’ लिहीत नसे, आणि ‘ऑगस्टस’ ही पदवी तर त्याच्या वारसापासून सुरू झाली. पत्रं बनावट.

पण म्हणून त्या सनदा बाजूला सारू नकोस. त्या सीझरविषयी खोटं सांगतात, रूडॉल्फविषयी मात्र अगदी खरं सांगतात. प्रागमध्ये जे होतं ते त्याला व्हिएन्नात हवं होतं. १३५९ला सेंट स्टीफन चर्चच्या गॉथिक विस्ताराची पायाभरणी, १३६५ला विद्यापीठ. आणि त्याच वर्षी, पंचविशीतच, तो गेला. १४५३ मध्ये हाब्सबुर्ग सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकनं याच बनावट सनदांना मंजुरी दिली. ‘आर्चड्यूक’ ही पदवी त्यांतूनच आली आणि १९१८ पर्यंत राज्यकर्त्या घराण्यानं मिरवली. इतिहासातला कागद खरा की खोटा, एवढं ठरवून थांबू नये, असं मला मनापासून वाटतं. तो कुणाला का हवा होता आणि पुढे कुणी चालवून घेतला, हेही विचार.

१५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत बोहेमिया आणि हंगेरीचा राजा दुसरा लुई पडला आणि बोहेमियाच्या सरदार-नगरसभेनं हाब्सबुर्ग फर्डिनांडला राजा निवडलं. म्हणून १५८३ मध्ये हाब्सबुर्ग सम्राट दुसरा रूडॉल्फ दरबार प्रागला नेऊ शकला. टायको ब्राहे आणि केप्लर हे खगोलशास्त्रज्ञ तिथे आले ते त्यामुळेच. त्याच्यानंतर दरबार व्हिएन्नाला परतला. पण प्राग खरं मागे पडलं ते १६२०च्या श्वेत पर्वताच्या लढाईत हाब्सबुर्गांनी बोहेमियाच्या बंडखोर सरदारांना हरवल्यानंतर. १६२४ला बोहेमियाचा कारभार पाहणारी कचेरी व्हिएन्नाला हलली, १६२७ला बोहेमियाचा मुकुट वंशपरंपरागत झाला. राजा निवडणाऱ्यांची मर्जी राखायला प्रागमध्ये असण्याची गरजच संपली.

आता वहीत प्रत्येक राजापुढे दोन रकाने वाढव: आई कुठली, बायको कुठली. सुरुवात चार्ल्सचा मुलगा सिगिसमुंड याच्यापासून कर. त्याची पहिली बायको मेरी हंगेरीची राणी होती, आणि त्याचा दरबार दीर्घकाळ बुडा शहरात राहिला. त्याची एकुलती मुलगी कोणत्या घराण्यात दिली आणि १४३७ मध्ये तो वारल्यावर कोणकोणते मुकुट तिच्या नवऱ्याकडे गेले, ते शोधून मला लिही.