आधी बटाटे सोल

पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझा आराखडा त्याच रात्री वाचून काढला. उत्तराला चार दिवस लागले, कारण पहिलं लिहिलेलं उत्तर जरा तिखट झालं होतं, ते फाडलं.

कॅनडातल्या मूलनिवासींशी सलोखा साधायला मंडळातर्फे भिंतीचित्र, नारिंगी शर्टांची विक्री, रेसिडेन्शियल स्कूलमधून (मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवायच्या त्या निवासी शाळा) तगून बाहेर पडलेल्या वृद्धांसाठी योगशिबिर आणि शेवटी स्नेहभोजन. मेहनत दिसते. पण चौदा पानं वाचूनही मला एक गोष्ट कळली नाही: यातलं काय हवंय, हे तू कुणाला विचारलंस? विनिपेगला येऊन तुला दीड वर्ष झालं, मला तेवीस. मीही विचारलं नव्हतं, म्हणून तुला हटकतोय.

काही वर्षांपूर्वी आम्ही गणेशोत्सवात अनिशिनाबे या इथल्या मूलनिवासी समाजातल्या एका आजींना बोलावलं. एल्डर म्हणतात त्यांना, म्हणजे समाजातल्या जाणत्या, वडीलधाऱ्या. कार्यक्रमपत्रिकेत त्यांना पाच मिनिटं दिली होती, दीपप्रज्वलन आणि नाट्यगीतांच्या मध्ये. त्या बोलायला लागल्या, बोलता बोलता शाळेवर आल्या. विंगेत मी घड्याळ बघत उभा, मागे मसालेभात निवतोय. त्यांचं वाक्य अर्धवट असतानाच मी शाल-श्रीफळ घेऊन पुढे झालो. टाळ्या झाल्या. घरी सोडताना गाडीत त्या नारळ मांडीवर घेऊन गप्प बसल्या होत्या. उतरताना एवढंच म्हणाल्या, "पुढच्या खेपेला बोलावू नकोस. तू ये."

त्या दर गुरुवारी शहराच्या नॉर्थ एंड भागातल्या एका सामुदायिक स्वयंपाकघरात सूप करायच्या. मी गेलो. दोन महिने बटाटे सोलले. मी इंडियन आहे म्हटल्यावर शेजारी कांदे चिरणारे एक आजोबा हसून म्हणाले, "आम्हीही. सरकारी कागदावर." मूलनिवासींना कागदोपत्री 'इंडियन' म्हणणारा १८७६ चा इंडियन अॅक्ट अजून लागू आहे, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं इथे राहून!

तुझ्या आराखड्यात 'सलोखा' हा शब्द अकरा वेळा आलाय. आपल्याकडे सलोखा कधी होतो? दोन भावांचं बांधावरून वाजलं की. इथे भांडण कुठे होतं? सरकार आणि चर्च मिळून शंभराहून जास्त वर्षं शाळा चालवत होते, दीड लाखाहून जास्त मुलं त्यांत नेऊन घातली. घरची भाषा बोललं की शिक्षा. कित्येक परत आलीच नाहीत. मरे सिंक्लेअर हे आपल्या मॅनिटोबा प्रांतातले पहिले मूलनिवासी न्यायाधीश. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्य आणि समेट आयोगाने साडेसहा हजारांहून अधिक लोकांचं ऐकून घेतलं आणि २०१५ मध्ये ९४ आवाहनं मांडली. आयोगाच्या नावात 'सत्य' आधी आहे. आपण मंडळी थेट समेटाच्या पंगतीला बसतो.

त्या ९४ पैकी शेवटची दोन आवाहनं तुझ्यामाझ्यासारख्या बाहेरून आलेल्यांबद्दल आहेत. नागरिकत्वाची शपथ बदला, असं शेवटचं. २०२१ मध्ये ती बदलली. मी शपथ घेतली तेव्हा फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी या मूलनिवासी लोकांच्या हक्कांचं आणि करारांचं त्यात अवाक्षर नव्हतं. तुझ्या शपथेत असेल. ओठ हलवून मोकळी होऊ नकोस, आधी ट्रीटी १ वाच. १८७१ मध्ये इथून जवळच, लोअर फोर्ट गॅरीत सरकार आणि मूलनिवासी यांच्यात झालेला जमिनीचा करार आहे. तू भाडं भरतेस ती जमीन त्यातच येते.

आता नळाकडे बघ. विनिपेगचं पाणी १९१९ पासून शोल लेकमधून येतं, दीडशे किलोमीटरच्या जलवाहिनीतून. स्वच्छ, गोड. ते स्वच्छ राहावं म्हणून तिथे बांध घातला, कालवा खणला आणि शोल लेक ४० या फर्स्ट नेशनचं गाव बेटासारखं तुटलं. उन्हाळ्यात बोट, हिवाळ्यात बर्फावरून रस्ता, मधल्या दिवसांत जीव मुठीत धरून. आणि ज्यांच्या तळ्याचं पाणी आपण पितो, त्यांनाच १९९७ पासून पाणी उकळून प्यायची सूचना! पक्का रस्ता २०१९ मध्ये झाला, 'फ्रीडम रोड' म्हणतात त्याला. पाणी उकळायची सूचना उठली २०२१ मध्ये. माझं आजोळ मुळशी खोऱ्यातलं, त्यामुळे हे वाचून मी फार वेळ बसून राहिलो. मुंबईच्या विजेसाठी तिकडची गावं पाण्याखाली गेली, १९२१ मध्ये सत्याग्रह झाला. तरी पवईच्या नोकरीत असताना पंख्याचं बटण दाबताना मला मुळशी कधी आठवली नव्हती.

योगशिबिर आराखड्यातून काढून टाक. राग मानू नकोस. त्यांच्याकडे स्वेट लॉज म्हणजे वाफेच्या विधीची झोपडी आहे, सेज आणि स्वीटग्रास या सुगंधी वनस्पतींचा धूर आहे, ढोल आहे, आणि एकेकाळी यातल्या बऱ्याच गोष्टींवर कायद्याने बंदी होती. जे परत मिळवायला त्यांना इतकी वर्षं लागली, त्याच्या शेजारी आपली चटई अंथरायची घाई कशाला? कुणी आपणहून 'शिकव' म्हणालं तर अवश्य शिकव.

तुझ्या यादीत नसलेल्या काही बारीक गोष्टी सांगतो. एल्डरकडे काही मागायला जाशील तर तंबाखू घेऊन जा, कापडात बांधून. आधी ती द्यायची, मग बोलायचं. त्यांनी घेतली म्हणजे विनंती मान्य. (तंबाखू विकत घेताना मला आईची आठवण येऊन चोरट्यासारखं वाटलं होतं.) न्यायला-आणायला गाडी आपली, मानधनाचं पाकीट कार्यक्रमाच्या आधी द्यायचं आणि वेळ त्यांना विचारून ठेवायची. धुराचा विधी असेल तर हॉलवाल्यांना अगोदर कळव. आरतीच्या धुपाने अलार्म वाजून अग्निशमन दल आलं होतं, ते तुला सगळ्यांनी सांगितलंच असेल. विधी चालू असताना फोटो नाही. आणि शाळेबद्दल कुणालाही आपणहून विचारायचं नाही. त्यांना सांगावंसं वाटेल तेव्हा फक्त हातातलं काम थांबव.

शर्टांचं मात्र ठेव, पण ते मूलनिवासी कारागिरांकडूनच घे. नफा मंडळाच्या खात्यात जाऊ देऊ नकोस, खजिनदार माझ्यावर चिडले तरी चालेल. ३० सप्टेंबरला, त्या शाळांतल्या मुलांच्या स्मरणदिनी, ते घालणाऱ्या प्रत्येक पोराला हेही सांग, की फिलिस वेबस्टॅड सहा वर्षांची असताना आजीने तिला नवा नारिंगी शर्ट घेऊन दिला होता आणि १९७३ मध्ये शाळेच्या पहिल्याच दिवशी तो काढून घेतला.

भिंतीचित्राचं काही मला कळत नाही. ज्यांची भिंत, त्यांना विचार.

तोवर एक कर. बेअर क्लॅन पेट्रोल नावाची लोकांची गस्त आहे, १९९२ मध्ये सुरू झालेली, मध्ये बंद पडलेली. २०१४ मध्ये रेड नदीत एका पंधरा वर्षांच्या मुलीचं प्रेत सापडलं, त्यानंतर ती पुन्हा उभी राहिली. हातात शस्त्र नाही. नॉर्थ एंडच्या गल्ल्यांतून चालायचं, खायला द्यायचं, बर्फातल्या वापरलेल्या सुया चिमट्याने उचलून डब्यात टाकायच्या, बसस्टॉपवर झोपलेल्याला हाक मारून बघायचं. पहिल्या रात्री उणे सत्तावीस होतं. मी एका माणसाला 'हाऊ आर यू' विचारून उत्तराची वाट न बघता पुढे गेलो, तर आमची म्होरकी परत फिरली आणि त्याचं सांगून होईपर्यंत तिथे उभी राहिली. पाच-सात मिनिटं तरी. माझे पाय बधिर झाले होते.

तुझं नाव नोंदव आणि कळव, मी बरोबर येईन. तिथे गेल्यावर आराखड्याचा विषय काढू नकोस. बूट एक माप मोठे घे, आत दोन मोजे बसले पाहिजेत. आणि हातमोज्यांच्या दोन जोड्या आण, एक बहुतेक कुणाला तरी देऊन येशील.

तुझा,
काका