वाचकांचे प्रश्न : ब्रेगे यांचे १६० क्रमांकाचे घड्याळ

प्रश्न : फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठी १७८३ मध्ये मागवलेले घड्याळ १८२७ मध्ये पूर्ण झाले, असे वाचनात आले. खिशात मावणाऱ्या एका घड्याळाला ४४ वर्षे लागावीत, असे त्यात काय होते?
— एक वाचक, सांगली

उत्तर : १६० क्रमांकाचे हे घड्याळ करायला घेणारे घड्याळजी अब्राहम-लुई ब्रेगे यांचा जन्म १७४७ मध्ये आज स्वित्झर्लंडमध्ये असलेल्या न्यूशातेलचा, १७७५ च्या सुमारास त्यांनी पॅरिसमध्ये सीन नदीतील बेटावर आपला कारखाना थाटला. १७८३ मध्ये त्यांच्याकडे जी मागणी आली, ती नोंदवणाऱ्याचे नाव इतिहासाला माहीत नाही. राणीच्या रक्षकदलातील कोणी अधिकारी असावा, असे परंपरेने सांगितले जाते. मागणीत मात्र संदिग्धता नव्हती : त्या काळी ज्ञात असलेली प्रत्येक करामत या एका घड्याळात असावी, जेथे शक्य असेल तेथे इतर धातूंऐवजी सोने वापरावे, आणि खर्चाला वा वेळेला मर्यादा नसावी. पुढे क्रांती झाली, ब्रेगे यांना १७९३ मध्ये स्वित्झर्लंडला निघून जावे लागले आणि त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला राणीचा शिरच्छेद झाला. ब्रेगे १७९५ मध्ये परतले, तेव्हा कारखाना जवळजवळ नव्याने उभारावा लागला. ते १८२३ मध्ये वारले आणि घड्याळ त्यांच्या मुलाच्या काळात तयार झाले.

तरीही सगळा दोष राजकारणाला देणे योग्य होणार नाही, कारण काम खरोखरच अवघड होते. या घड्याळात ८२३ भाग आहेत. बाळगणारा चालताना होणाऱ्या हालचालीने ते आपोआप चावी घेते व त्यासाठी आत प्लॅटिनमचे झुलते वजन आहे. कळ दाबली की तास, पाव तास आणि मिनिटे ठोके देऊन सांगते. तारीख, वार व महिना दाखवते. तापमापकही त्यात आहे. माझ्या मते यातील सर्वांत सुंदर भाग आहे तो सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ यांतील फरक दाखवणारा काटा. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला असल्यामुळे सूर्यघड्याळ नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे १६ मिनिटे पुढे, तर फेब्रुवारीच्या मध्यास सुमारे १४ मिनिटे मागे असते. हा फरक दाखवण्यासाठी अशा घड्याळांत वर्षातून एकच फेरी घेणारी, काजूच्या आकाराची एक चकती बसवतात. तिच्या कडेवर एका तरफेचे टोक टेकलेले असते. कड केंद्रापासून जितकी दूर वा जवळ, तितका काटा सरकतो. म्हणजे खगोलशास्त्राचे वर्षभराचे कोष्टक कारागिराने कानसीने त्या कडेवर उतरवलेले असते, आणि कानस केसभर जास्त चालली तर त्या दिवसांचे उत्तर चुकते.

प्रश्न : विजेशिवाय चालणाऱ्या घड्याळाला फेब्रुवारी २८ दिवसांचा की २९ दिवसांचा, हे कसे कळते?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : अशा घड्याळांत सहसा चार वर्षांत, म्हणजे ४८ महिन्यांत, एक फेरी पूर्ण करणारे चक्र असते. ३१ दिवसांच्या महिन्यासाठी त्याची कड अखंड ठेवतात, ३० दिवसांच्या महिन्यासाठी उथळ खाच, २८ दिवसांच्या फेब्रुवारीसाठी सर्वांत खोल खाच आणि लीप वर्षातील फेब्रुवारीसाठी तिच्याहून किंचित कमी खोल खाच पाडतात. महिनाअखेरीस तरफ खाचेत जितकी खोल उतरते, तितक्या तारखा गाळून काटा एक तारखेवर येतो. चारने भाग जात असूनही २१०० हे लीप वर्ष नाही, त्यामुळे त्या वर्षी अशी घड्याळे हाताने जुळवावी लागतील. येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. राणीचे घड्याळ अपुरे पडून होते, त्याच काळात फ्रान्सने नेहमीचे कॅलेंडर रद्द करून ३० दिवसांच्या १२ महिन्यांचे आणि १० दिवसांच्या आठवड्याचे नवे कॅलेंडर आणले होते. ते १८०५ च्या अखेरीस मागे घेतले गेले. ते टिकले असते, तर ब्रेगे यांच्या कॅलेंडरयंत्रणेला फ्रान्समध्येच काही अर्थ उरला नसता.

प्रश्न : आज यंत्रे अतिसूक्ष्म भाग बिनचूक कापतात. मग महागड्या घड्याळांत हातकामाचे एवढे कौतुक कशासाठी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण भागांचा आकार आज बहुतेक ठिकाणी यंत्रच कापते. हाताची गरज लागते ती त्यानंतर. घड्याळाच्या आतील धातूच्या पट्टीच्या कडा तिरप्या घासून चमकवताना जेथे दोन कडा आतल्या बाजूला मिळतात, तो कोपरा टोकदार राखणे फिरत्या हत्याराला जमत नाही. हत्यार गोल असल्यामुळे कोपराही गोल होतो. तो कारागीर लहान कानस आणि लाकडी काडीने धीराने साधतो, म्हणून जाणकार भिंग लावून आधी तोच कोपरा पाहतात. पोलादी भागांना कथलाच्या पाट्यावर हिऱ्याच्या भुकटीने घासून अशी झिलई देतात की एका कोनातून तो भाग आरशासारखा, तर दुसऱ्या कोनातून पूर्ण काळा दिसतो. यामुळे वेळ अधिक अचूक दाखवली जाते असे नाही. बॅटरीवर चालणारे स्वस्त क्वार्ट्झ घड्याळ अचूकतेत यांना सहज मागे टाकते. पैसे मोजले जातात ते कौशल्याचे, आणि ते कौशल्य टिकावे यासाठी ते मोजले जाणे मला योग्य वाटते.

प्रश्न : राणीचे ते घड्याळ सध्या कोठे आहे?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : जेरुसलेमच्या एल. ए. मायर इस्लामी कला संग्रहालयात. संग्राहक सर डेव्हिड लायनेल सॉलोमन्स यांनी ते १९१७ मध्ये विकत घेतले, आणि त्यांच्या कन्येने स्थापन केलेल्या या संग्रहालयात ते पुढे आले. एप्रिल १९८३ मध्ये तेथून शंभराहून अधिक घड्याळांसह ते चोरीस गेले. ते सापडत नसताना ब्रेगे कंपनीने जुनी कागदपत्रे व रेखाचित्रे यांच्या आधारे त्याची प्रतिकृती करवून घेतली आणि २००८ मध्ये ती मांडली. तिची पेटी व्हर्सायच्या बागेतील राणीच्या आवडत्या ओकच्या लाकडाची आहे. दरम्यान चोराच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीच्या वकिलामार्फत मूळ घड्याळ संग्रहालयाकडे परत आले होते, आणि ही बातमी २००७ मध्ये जाहीर झाली.