राणीचा शिंपी खरंच होता का?

प्रश्न : ताई, परवा मी आणि आईने ‘द रॉयल टेलर’ बघितला, २०१४चा कोरियन पिक्चर, राजाच्या दरबारातल्या दोन शिंप्यांची जुंपलेली असते तो. आई कित्येक वर्षं ब्लाउज शिवते. मला तो तरुण शिंपी जाम आवडला, आई म्हणते म्हाताराच बरोबर, त्याच्या पोटावर पाय दिलाय. जेवण थंड होईपर्यंत भांडलो. हे खरंच घडलं होतं का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आईला सांग, मी तिच्या पार्टीत.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी : हान सुक-क्यूचा दोल-सोक तीस वर्षं राजाचे कपडे शिवतोय, जन्म खालच्या थरातला, आणि आता कुठे त्याला यांगबान म्हणजे तिथल्या उमरावांत बसायला मिळणार असतं, तेवढ्यात राणीच्या महालात राजाचा झगा जळतो, हा हात वर करतो आणि बाहेरून को सूचा गोंग-जिन येतो, ज्याला नियमबियम काही माहीतच नाही. शेवट सांगत नाही.

ही माणसं काल्पनिक आहेत, पण ते खातं खरं. सांगुइवॉन नाव, जोसन राजवटीत (१३९२ ते १९१०) राजघराण्याचे कपडे तिथून यायचे. फक्त तिथे शिवणकामाला दासी असायच्या, आणि महालात शिवणाची खोली वेगळी, भरतकामाची वेगळी, दोन्हीकडे दरबारातल्या बायका. सिनेमात मात्र हिरो कोण तर दोन पुरुष. चालायचंच.

आता म्हाताऱ्याची बाजू का घेते ते सांगते. तिकडे कपडा म्हणजे कायदा होता. राजाच्या लाल झग्यावर छाती, पाठ आणि दोन्ही खांद्यांवर सोनेरी ड्रॅगन, त्याला पाच नखं, युवराजाच्या ड्रॅगनला चारच. म्हणजे भरतकाम करणारीने आधी नखं मोजायची, मग सुई उचलायची! अशा ठिकाणी एखादा पोरगा येऊन ‘अंगाला शोभेल तसं शिवू’ म्हणाला तर तीस वर्षं नखं मोजणाऱ्याचं डोकं फिरणारच ना.

फॅशनचं भांडणही खरं आहे बरं का. बायकांचं वरचं झंपर, जोगोरी म्हणतात, ते आधी कमरेच्या खाली यायचं. अठराव्या शतकापर्यंत ते आखूड आणि घट्ट होत गेलं, शिन युन-बोकच्या चित्रांत बघ, वर एवढंसं झंपर आणि खाली घागरा फुगलेला. त्याच काळातला यी दोक-मू हा विद्वान वैतागून लिहितो की बाह्या इतक्या तंग की हात वाकत नाही, काढताना शिवण उसवायची वेळ येते, आणि हे सगळं नाचगाणं करणाऱ्या गिसेंगकडून घराघरांत आलंय. आईला वाचून दाखव, टाइट फिटिंगवाल्या गिऱ्हाइकांची आठवण येऊन हसेल.

आणि एक गंमत. जोसन काळातल्या एका निनावी लेखात मालकिणीचा डोळा लागलेला असताना सुई, दोरा, कात्री, मापपट्टी, अंगुस्तान, टोकाची छोटी इस्त्री आणि कोळशाची मोठी इस्त्री अशा सात जणी भांडतात, की कपडा माझ्यामुळेच होतो. मालकीण उठून झापते आणि माफी कोण मागते, तर अंगुस्तान, जिने दिवसभर टोचून घेतलेलं असतं. मला दोल-सोकपेक्षा तीच जास्त लक्षात राहिली.

प्रश्न : गॅदरिंगसाठी हानबोक, म्हणजे कोरियन पारंपरिक पोशाख, शिवायचाय, आमच्या ब्लाउजवाल्या काकूंना जमेल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : जमेल, फक्त त्यांना सवयीने टक्स घालू देऊ नकोस. सगळं सपाट कापायचं. घागरा म्हणजे आयताकृती कापड, चुण्या घालून छातीवरच्या पट्ट्याला जोडलेलं. झंपराला पुढे लांब बंद असतात, ते एकाच बाजूला फास येईल असे बांधायचे. जुना हानबोक धुताना पूर्ण उसवायचे, खळ द्यायचे, दगडावर ठेवून बडवायचे आणि पुन्हा शिवायचे, ते तू नको करूस. गळ्याची पांढरी पट्टी मात्र वेगळी, हाताने टाचून घे, साडीच्या फॉलसारखी, मळली की तेवढीच काढायची.